करंट रेशो २.४, आणि तरीही उसाचं बिल थकलेलं: चालू गुणोत्तर नेमकं काय सांगतं?



पेटची तयारी करणारे किंवा नुकताच संशोधन आराखडा लिहायला घेतलेले बरेच जण वाणिज्य शाखेत एकच विषय घेऊन येतात: 'अमुक कारखान्याच्या आर्थिक स्थितीचा गुणोत्तर विश्लेषणाद्वारे अभ्यास'. विषय वाईट नाही. पण त्यातलं पहिलंच प्रकरण, म्हणजे चालू गुणोत्तर, आपण इतकं पाठ करून टाकलेलं असतं की त्याच्याकडे नीट बघायचं राहून जातं. सूत्र लिहायचं, पाच वर्षांचे आकडे टाकायचे, आणि खाली एक ओळ: 'आदर्श प्रमाण २:१ असल्याने संस्थेची अल्पकालीन आर्थिक स्थिती समाधानकारक आहे.'

ही ओळ मीही लिहिली होती. एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी मी आमच्या भागातला एक सहकारी साखर कारखाना घेतला होता. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. वार्षिक अहवालातून आकडे उचलले, भागाकार केला, उत्तर आलं २.४. मी खूश. घरी गेल्यावर आण्णांना, म्हणजे वडिलांना, उत्साहानं सांगितलं की तुमच्या कारखान्याची स्थिती चांगली आहे. आमचा ऊस त्याच कारखान्याला जातो आणि त्या वर्षी फेब्रुवारीत तुटलेल्या उसाचं बिल जूनपर्यंत आलेलं नव्हतं. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बिल कवा निघंल, ते लिवलंय का त्यात?"

लिहिलेलं नव्हतं. गंमत म्हणजे ते चालू गुणोत्तरात कधीच लिहिलेलं नसतं. आज त्याच प्रश्नाच्या आधारानं हे गुणोत्तर समजून घेऊ.

सूत्र सोपं आहे, पण त्यामागची कल्पना बघा

चालू गुणोत्तर = चालू मालमत्ता ÷ चालू देणी.

चालू मालमत्ता म्हणजे साधारण वर्षभरात, किंवा धंद्याच्या एका नेहमीच्या चक्रात, रोख होणारी मालमत्ता: रोख, बँकेतली शिल्लक, मालाचा साठा, ग्राहकांकडची येणी, दिलेल्या उचली. चालू देणी म्हणजे त्याच काळात चुकवायची देणी: पुरवठादारांची बिलं, पगार, कर, बँकेचं अल्प मुदतीचं कर्ज आणि मुदत कर्जाचे पुढच्या बारा महिन्यांत येणारे हप्ते.

कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टात ही विभागणी स्पष्ट केलेली आहे. धंद्याचं चक्र ठरवता येत नसेल तर ते बारा महिन्यांचं धरायचं, असंही तिथे म्हटलं आहे. मार्च २०२१ मध्ये या परिशिष्टात दुरुस्ती झाली. तेव्हापासून कंपन्यांना चालू गुणोत्तरासह अकरा गुणोत्तरं स्वतःच जाहीर करावी लागतात, आणि मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर त्याचं कारणही द्यावं लागतं. म्हणजे कंपनीचा अभ्यास करणार असाल तर भागाकार आयता मिळतो. संशोधकाचं काम त्याच्या पुढे सुरू होतं.

२:१ आणि १.३३ हे आकडे आले कुठून?

आपण 'आदर्श प्रमाण' असं लिहितो तेव्हा ते कोणी, कशासाठी ठरवलं हे माहीत असायला हवं. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो.

२:१ हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बँकांच्या कर्ज विभागांत रुळला. विचार साधा होता. उद्या धंदा बंद पडला आणि चालू मालमत्ता निम्म्या किमतीला विकावी लागली, तरी अल्प मुदतीच्या धनकोंचे पैसे फिटले पाहिजेत. म्हणजे हा 'मोडीत काढण्याच्या' प्रसंगासाठीचा गादीसारखा आधार आहे. चालू धंद्यात पैसे वेळेवर मिळतील का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. आणि २:१ सगळ्या धंद्यांना एकसारखं लावता येत नाही हेही लवकरच दिसून आलं. अलेक्झांडर वॉल यांनी १९१९ मध्ये ९८१ उद्योगसंस्थांची गुणोत्तरं तपासली. धंदा आणि प्रदेश बदलला की गुणोत्तरं बदलतात, हे त्यांनी दाखवलं.

१.३३ चा उगम आपल्याकडचा आहे. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या टंडन समितीनं १९७५ मध्ये खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी पद्धती सुचवल्या. दुसऱ्या पद्धतीनुसार चालू मालमत्तेचा २५ टक्के भाग कर्जदारानं स्वतःच्या दीर्घ मुदतीच्या निधीतून आणायचा. चालू मालमत्ता १०० रुपयांची असेल तर २५ रुपये दीर्घ मुदतीचे, आणि उरलेले ७५ रुपये पुरवठादार व बँक मिळून. १०० भागिले ७५ म्हणजे १.३३. झालं! त्यात कुठलाही निसर्गनियम नाही. बँकेनं कर्ज देताना घातलेली ती अट आहे.

नायक समितीनंतर लघुउद्योगांसाठी उलाढालीवर आधारलेली पद्धत आली. उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले २० टक्के बँक देणार आणि ५ टक्के उद्योजक आणणार. चालू मालमत्ता २५ आणि बँकेचं कर्ज २०, एवढंच धरलं तर गुणोत्तर १.२५ येतं. म्हणजे एकाच देशात, वेगवेगळ्या कर्जपद्धतींमुळे वेगवेगळी 'आदर्श' प्रमाणं तयार होतात. म्हणून प्रबंधात 'आदर्श प्रमाण' असं नुसतं लिहू नका. कोणाच्या दृष्टीनं आदर्श, तेही लिहा.

आता प्रत्यक्ष हिशोब करू

माझ्या त्या कारखान्याचे आकडे इथे देत नाही. समजायला सोपे जावेत म्हणून गोल आकडे घेते. समजा, एका सहकारी साखर कारखान्याचा ३१ मार्चचा ताळेबंद असा आहे (सर्व आकडे कोटी रुपयांत):

चालू मालमत्ता
- साखर साठा (५ लाख क्विंटल, ३,६०० रुपये दरानं): १८०
- मळी, बगॅस वगैरे: ६
- स्टोअर्स आणि सुटे भाग: १४
- तोडणी-वाहतूकदारांना दिलेली उचल: ३०
- वीज, इथेनॉल इत्यादींची येणी: १६
- रोख व बँक शिल्लक: ४
- एकूण: २५०

'चालू देणी व तरतुदी' या मथळ्याखाली
- शेतकऱ्यांची ऊस बिलं: ६०
- तोडणी-वाहतूक बिलं: १५
- पुरवठादार, पगार, कर वगैरे: २५
- एकूण: १००

२५० भागिले १०० म्हणजे २.५. आदर्श प्रमाणापेक्षाही जास्त! माझ्यासारखी विद्यार्थिनी इथेच थांबते आणि 'समाधानकारक' लिहून मोकळी होते.

पहिली चूक: मथळा बघून आकडा उचलणे

सहकारी साखर कारखाना ही कंपनी नाही. तिला कंपनी कायद्याचं तिसरं परिशिष्ट लागू होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम १९६१ मधल्या 'एन' नमुन्यात तिचा ताळेबंद येतो. या नमुन्यात 'चालू देणी व तरतुदी' असा मथळा आहे खरा, पण कर्जांचे मथळे वेगळे आहेत. साखर गहाण ठेवून घेतलेलं कर्ज, म्हणजे साखर तारण कर्ज, तारणी कर्जांच्या मथळ्याखाली जातं. ते तर सरळसरळ अल्प मुदतीचं कर्ज आहे. साखर विकली की फेडायचं. तसंच मुदत कर्जाचे पुढच्या वर्षातले हप्तेही त्याच कर्जाच्या आकड्यात मिसळलेले असतात.

आपल्या उदाहरणात तारण कर्ज १२५ कोटी आणि पुढच्या बारा महिन्यांतले हप्ते २५ कोटी आहेत असं धरा.

- फक्त मथळा बघून: २५० ÷ १०० = २.५
- तारण कर्ज धरल्यावर: २५० ÷ २२५ = १.११
- हप्तेही धरल्यावर: २५० ÷ २५० = १.००

कारखाना तोच, ताळेबंद तोच, तारीखही तीच. २.५ चा १ झाला तो फक्त आपण आकडे कुठून उचलले यामुळे. माझ्या २.४ मध्ये अगदी हीच चूक होती. व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तारण कर्ज कुठे धरलंय?" मी परिशिष्टाची पानं उलटत राहिले.

म्हणून सहकारी संस्थांवर काम करणाऱ्यांनी आधी स्वतःचं वर्गीकरण ठरवावं, ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात लिहावं आणि सगळ्या वर्षांना, सगळ्या कारखान्यांना एकच वर्गीकरण लावावं. कर्जाचे तपशील ताळेबंदाच्या परिशिष्टात आणि लेखापरीक्षण अहवालात मिळतात. थोडी पायपीट करावी लागते, पण ती टाळली तर पुढचं सगळं टेबल फुकट.

दुसरी चूक: 'चालू' म्हणजे खरंच चालणारं, असं समजणे

आता वरची बाजू बघा. तोडणी-वाहतूकदारांची उचल ३० कोटी. हंगामाआधी मुकादमांना, वाहतूकदारांना कारखान्याकडून आगाऊ रक्कम जाते आणि ती हंगामात त्यांच्या बिलातून कापून घेतली जाते. पण एखादा मुकादम टोळी घेऊन आलाच नाही, तर उचल तशीच अडकून पडते. वर्षामागून वर्षं ती 'येणे' म्हणून दिसत राहते. कोर्टात दावे चालू असतात आणि ताळेबंदात ती मालमत्ता असते.

समजा, ३० पैकी १८ कोटी दोन हंगामांपेक्षा जुने आहेत. आणि स्टोअर्समधल्या १४ पैकी ६ कोटींचे सुटे भाग बदलून टाकलेल्या जुन्या यंत्रांचे आहेत. हे २४ कोटी वजा केले तर चालू मालमत्ता राहते २२६. गुणोत्तर २२६ ÷ २५० = ०.९०.

इथे काही जण म्हणतील, मग क्विक रेशो काढा की! जरूर काढा. साखर, उपपदार्थ आणि स्टोअर्स मिळून २०० कोटी वगळले तर उरतात ५०. भागिले २५० म्हणजे ०.२०. जुनी उचल वगळली तर ३२ भागिले २५०, म्हणजे ०.१३. पण लगेच 'कारखाना बुडाला' असं लिहू नका. साखर हा काही पडून राहणारा माल नाही. तिला बाजार आहे, रोजचा भाव आहे. क्विक रेशो तिची किंमत शून्य धरतो, चालू गुणोत्तर तिची किंमत पूर्ण धरतो. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते शोधायला वेळ हा घटक आणावा लागतो.

तिसरी आणि मुख्य गोष्ट: 'किती' आणि 'केव्हा'

चालू गुणोत्तर 'किती' सांगतं, 'केव्हा' सांगत नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

वर्षभरात कधीही रोख होणारा रुपया आणि उद्या सकाळी द्यायचा रुपया, दोन्ही त्या भागाकारात सारखेच. साखर धंद्यात हा फरक किती मोठा असतो ते पाहू.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. म्हणजे ६० कोटींचं देणं जवळपास 'आज' आहे.

साखर मात्र एकदम विकता येत नाही. जून २०१८ पासून केंद्र सरकार दर महिन्याला कारखानानिहाय विक्रीचा कोटा ठरवतं. समजा, आपल्या कारखान्याला महिन्याला ५० हजार क्विंटलचा कोटा मिळतो. ५ लाख क्विंटल संपायला दहा महिने लागतील. महिन्याची विक्री ३,६०० रुपये दरानं १८ कोटी.

ते १८ कोटीही कारखान्याच्या हातात येत नाहीत. गोदामाला बँकेचं कुलूप आहे. १२५ कोटींचं तारण कर्ज ५ लाख क्विंटलवर, म्हणजे क्विंटलमागे २,५०० रुपये आधी बँकेला जाणार. उरले १,१००. गुणिले ५० हजार क्विंटल, म्हणजे महिन्याला ५.५ कोटी. व्याज वगैरे तर मी धरलेलंच नाही.

आता पहिल्या तीस दिवसांचा तक्ता मांडू.

येणारे पैसे: हातातली रोख ४, साखरेतून ५.५, वीज-इथेनॉलची वसुली समजा ३. एकूण १२.५ कोटी.

द्यायचे पैसे: ऊस बिलं ६०, तोडणी-वाहतूक १५, पगार व पुरवठादार समजा ५. एकूण ८० कोटी.

तूट ६७.५ कोटी. आणि दहा महिने साखर विकून कारखान्याच्या हातात एकूण येणार ५५ कोटी, म्हणजे फक्त ऊस बिलांनाही ते पुरत नाहीत. आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. २.५ मध्ये नव्हतं, १.०० मध्येही नव्हतं. ते तीस दिवसांच्या या साध्या तक्त्यात होतं, जो कुठल्याही वहीत मांडता येतो.

याची उलट बाजूही बघा. दूध संघाचं उदाहरण घ्या. दूध आज आलं, पिशवीत भरलं, एक-दोन दिवसांत विकलं. उत्पादकाला बिल मात्र साधारण दर दहा दिवसांनी. पैसा आधी येतो, नंतर जातो. अशा संस्थेचं चालू गुणोत्तर १ च्या आसपास, कधी त्याखालीही असलं, तरी गवळ्याचं बिल चुकत नाही. १ असलेला दूध संघ आणि १ असलेला साखर कारखाना एका टेबलात शेजारी मांडून 'दोघांची स्थिती सारखी' असं लिहिलं तर ते गणित बरोबर आणि निष्कर्ष चूक. या विचारालाच १९८० मध्ये रिचर्ड्स आणि लॉफलिन यांनी रोख रूपांतर चक्राचं रूप दिलं: साठ्यात अडकलेले दिवस, अधिक येण्यांत अडकलेले दिवस, वजा देणी थांबवता येणारे दिवस.

तारखेचा खेळ

आपण ३१ मार्चचा ताळेबंद घेतो, कारण तोच मिळतो. पण साखरेचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. मार्चअखेर गाळप संपत आलेलं असतं आणि गोदामं गच्च भरलेली असतात. साठा सर्वांत जास्त, तारण कर्ज सर्वांत जास्त, ऊस बिलंही जास्त. तोच कारखाना ३० सप्टेंबरला पाहिला तर चित्र वेगळं दिसेल. शेअर बाजारात नोंदलेल्या खासगी साखर कंपन्या सहामाही निकालांबरोबर ३० सप्टेंबरची मालमत्ता-देणी स्थिती जाहीर करतात. दोन्ही तारखांची गुणोत्तरं काढून तुलना करा. एवढं केलं तरी तुमचा अभ्यास पाच वर्षांच्या सरधोपट टेबलापेक्षा पुढे जाईल.

तारखेच्या आसपास गुणोत्तर सजवताही येतं. चालू मालमत्ता ३०० आणि देणी २०० असतील तर गुणोत्तर १.५. वर्षअखेर ५० ची देणी रोखीनं चुकवली की २५० भागिले १५०, म्हणजे १.६७. काहीही न कमावता गुणोत्तर वाढलं. पण मूळ गुणोत्तर १ पेक्षा कमी असेल तर उलट होतं: १६० भागिले २०० म्हणजे ०.८, ५० चुकवले की ११० भागिले १५०, म्हणजे ०.७३. देणी फेडली आणि गुणोत्तर घसरलं! नेट-सेटला हा प्रश्न फिरवून फिरवून येतो, तो पाठ न करता असा समजून घ्या.

आणखी एक प्रकार आपल्या विषयाला फार जवळचा आहे. उसाची थकबाकी देण्यासाठी वेळोवेळी सॉफ्ट लोनच्या योजना येतात. आपल्या कारखान्यानं पाच वर्षांचं ६० कोटींचं कर्ज घेऊन ऊस बिलं दिली असं समजा. चालू देण्यांतून ६० गेले, पहिल्या वर्षाचा १२ कोटींचा हप्ता आला. देणी २५० वरून २०२ झाली. गुणोत्तर १.०० वरून १.२४. शेतकऱ्याचे पैसे मिळाले ही चांगलीच गोष्ट आहे. पण कारखान्यानं एक रुपया जास्त कमावलेला नाही. आजचं देणं फक्त पुढच्या पाच वर्षांवर ढकललं आहे. गुणोत्तरात 'सुधारणा' दिसली की ती विक्रीतून आली की कर्जातून, हे बघितल्याशिवाय तो शब्द वापरू नका.

आधीचं संशोधन काय म्हणतं?

साहित्य आढाव्यासाठी दोन नावं घ्यावीच लागतात. विल्यम बीव्हर यांनी १९६६ मध्ये ७९ अपयशी आणि ७९ सुस्थितीतल्या कंपन्यांची तुलना केली. ३० गुणोत्तरांपैकी अपयशाचा अंदाज सर्वांत चांगला कशानं आला? रोख प्रवाह आणि एकूण कर्ज यांच्या प्रमाणानं. चालू गुणोत्तर त्याच्या बरंच मागे राहिलं. एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ मध्ये झेड-स्कोअर मांडला. त्यांनीही तरलतेची तीन मापं तपासली, त्यात चालू गुणोत्तर होतं. शेवटी निवडलं मात्र खेळतं भांडवल भागिले एकूण मालमत्ता.

याचा अर्थ चालू गुणोत्तर टाकाऊ आहे असा नाही. डॉक्टर आधी ताप बघतात, तसं ते आहे. ताप आहे म्हणजे काहीतरी बिघडलंय, पण काय, ते त्यावरून कळत नाही. आणि ताप नाही म्हणजे माणूस ठणठणीत, असंही नाही.

मग आराखड्यात काय बदल करायचा?

माझ्या चुकांवरून सुचलेल्या काही गोष्टी सांगते.

एक, गुणोत्तर हा निष्कर्ष मानू नका, ते गृहीतक माना. 'चालू गुणोत्तर चांगलं, म्हणून स्थिती चांगली' हे सिद्ध झालेलं नाही, तुम्हाला तपासायचं आहे. तपासायला बाहेरचा पुरावा लागतो. साखरेत तो उपलब्ध आहे. पुण्याचं साखर आयुक्तालय एफआरपी किती दिली, किती थकली याचे कारखानानिहाय अहवाल काढतं. थकबाकीसाठी वसुली प्रमाणपत्र, म्हणजे आरआरसी, निघालं का, हेही कळतं. आता प्रश्न असा होतो: ज्या कारखान्यांचं चालू गुणोत्तर जास्त, त्यांनी ऊस बिलं खरोखर वेळेवर दिली का? हा संशोधनाचा प्रश्न झाला.

दोन, एका कारखान्याची पाच वर्षं म्हणजे फक्त पाच निरीक्षणं. त्यावर टी-टेस्ट लावून 'लक्षणीय फरक' शोधण्यात फारसा अर्थ नाही. एक तर कारखाने वाढवा, नाहीतर एकाच कारखान्याचा सखोल अभ्यास करा आणि महिनावार आकडे मिळवा.

तीन, प्रत्येक मोठ्या आकड्याला वय विचारा. उचल किती जुनी? येणी किती जुनी? साखर कुठल्या हंगामातली? कंपन्यांना आता येणी-देणी यांची वयवार माहिती द्यावी लागते. सहकारी संस्थेत ती लेखापरीक्षण अहवालात शोधावी लागते.

चार, चालू गुणोत्तर एकटं मांडू नका. त्याच्या शेजारी साठ्याचे दिवस, देण्यांचे दिवस आणि व्यवसायातून आलेला रोख प्रवाह मांडा. चार रकाने झाले तरी चालतील, पण शेवटचा निष्कर्ष चारही वाचून लिहा.

पाच, तुलना सारख्याशी सारख्याची करा. साखरेची साखरेशी, त्यातही आसवनी असलेल्या कारखान्याची आसवनी असलेल्याशी, कारण इथेनॉलचे पैसे साखरेपेक्षा वेगळ्या गतीनं येतात.

आमचं बिल त्या वर्षी अखेर दिवाळीच्या तोंडावर जमा झालं, तेही दोन हप्त्यांत. मधल्या काळात सोसायटीचं पीककर्ज थकलं आणि आण्णांनी एका ओळखीच्याकडून हातउसने पैसे घेऊन खतं भरली. हे सगळं घडत असताना माझ्या टेबलात २.४ होतं आणि त्यासमोर 'समाधानकारक' असा शेरा होता.

पीएच.डी.च्या आराखड्यात मी आता तारण कर्ज धरून गुणोत्तर काढते, आणि शेवटच्या रकान्यात एक जास्तीची गोष्ट मांडते: ऊस घातल्यापासून बिल मिळेपर्यंतचे दिवस. गाईड सरांनी विचारलं, हे माप कुठल्या पुस्तकातून घेतलं? मी म्हटलं, सर, घरून.